सासूबाईंचं फ्रेंच

सहासष्ट सालचा माझा बेत इतका पक्का होता, की त्यात फट सापडणं अशक्य! गुरुवारी दवाखान्यात जायचं, नर्स विद्यावतीकडून पाळणा लांबवायची ‘बुक्ल’, म्हणजे लूप, बसवून घ्यायची, आणि ह्यांच्याशिवाय घरात कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. "अंगावर पाजतेस तोवर दिवस राहत नाहीत," असं सासूबाई छातीठोक सांगायच्या. त्यांच्या भरवशावर माझी धाकटी दोघं अकरा महिन्यांच्या अंतरानं आली! आता चौथं लगेच नको, म्हणजे नको!

फट निघालीच. तिचं नाव गजेंद्र, माझा नवरा.

"आई, कुसुमला बुक्ल घालून आणतो," हे सहज बोलून गेले.

सासूबाईंनी उमेदीत फ्रेंच साहेबाच्या मादामकडे कपडे धुतलेले. कानातल्यांना मादाम बुक्ल म्हणते, एवढं फ्रेंच त्यांना पाठ!

"आयो! मला कधी पितळ नाय घेतलंस, आन् बायकूला सोनं?"

दवाखान्यातून परतलो, तर सूयाक गावाहून नणंद पुष्पा हजर! तिनं आधी माझे केस बाजूला सारले.

"आये, कान तर उघडे!"

"बसमधी मारली कुणी! अलोर, मग चला पोलिसात!" सासूबाई चप्पल शोधू लागल्या.

मी घाबरून बोलून गेले, "आई, ती कानात नाही हो, पोटात आहे!"

"गिळलीस?"

त्यांनी तान्हा माझ्याकडून हिसकावलाच. "नाय पाजायचं! दुधात उतरंल!"

पोर भुकेनं लालेलाल, माझा पदर भिजलेला, आणि हे बुटाची नाडी सोडत बसलेले! रडूच कोसळलं मला. शेवटी सगळी वरात विद्यावतीच्या घरी नेली.

"भगवतीबाई," ती सासूबाईंना म्हणाली, "ही गर्भपिशवीत बसते. मूल हवं झालं की काढता येते. हिच्यात औषध नाही, दुधात काही उतरत नाही. पाजू द्या तिला." विद्यावतीनं दाखवायची एक बुक्ल काढली.

सासूबाईंनी ती सोनाराकडच्या दागिन्यासारखी दाताखाली धरून पाहिली. मग गुपचूप पोर माझ्या मांडीवर ठेवलं.

"पाज बाये."

जिंकले! असं वाटलं, तेवढ्यात त्या लेकाकडे वळल्या.

"प्लास्टिक! सरकारी नोकरीत हायस ना रं? आन् घरच्या सुनेला प्लास्टिकची?"

आता त्या आमच्या अख्ख्या सुरिनाम गावाला सांगतात, "सोन्याचीच हाय, आत हाय म्हणून दिसत नाय!" आणि कुणाला पत्ता लागू न देणारी मी शेजारी उभी राहून मान डोलावते.