आबा सुभेदार आणि उत्तरेची खिडकी

आबा सुभेदारांशी बोलताना शेवटी ‘ओव्हर’ म्हणावं लागे. नाही म्हटलं, तर समोरच्याचं बोलणं अजून संपलेलं नाही असं धरून आबा गप्प उभे राहत. लष्करात वायरलेसवर उमर गेलेली. पेन्शनीत निघाले तरी ते शेपूट सुटलं नाही. भाजीवालीसुद्धा म्हणे, "वांगी कवळी हायती, आबा. ओव्हर." तेव्हा कुठे आबा पिशवी पुढे करत.

मी जतकडचा. पावसानं पाठ फिरवली, सातवीत शाळा सुटली आणि फिरत फिरत एक दिवस रिकाम्या हातानं लोणंद स्टेशनात उतरलो. तिथून कोसभर आत आबांचं गाव. त्यांनी माझं नाव विचारलं, गाव विचारलं आणि आपल्या पिठाच्या गिरणीवर ठेवून घेतलं. इयत्ता विचारली नाही. ते उपकार अजून फिटलेले नाहीत.

गावात ऊस, कांदा आणि फौजेत जाणारी पोरं एवढंच पिकायचं. आबांना आणखी एक पीक हवं होतं. "मल्ल्या, ऊस लय झाला. आता डोक्याचं काम गावात आणायचं. खुर्चीतलं. पगार असा, की पोरगं बाहेर जायाचं नाव काढणार न्हाई. ओव्हर."

पुण्याच्या एका पंप कारखान्याला जागा पुरेना, यंत्रांचे नकाशे काढणारं त्यांचं ऑफिस बाहेर हलवायचंय, असं कानावर आलं आणि आबा पेटलेच. स्वतःचं गुळाचं गोदाम रिकामं केलं, चुना मारला आणि उत्तरेची भिंत फोडून बैलगाडी जाईल एवढी खिडकी बसवली. "नकाशावर सावली पडता कामा न्हाई. उजेड उत्तरेचाच पायजे." हे त्यांना कुणी सांगितलं, ते मी विचारलं नाही. गुळाचा वास मात्र जाईना, आणि मुंगळे तर मालक असल्यासारखे फिरत.

मला आतून धाकधूक. एवढी शिकलेली माणसं आली, तर सातवीवाल्याचं काय? एकदा धीर करून विचारलंच. आबा म्हणाले, "इंजिनिअर काय कागद खाऊन जगत्यात व्हय रं? पीठ लागंलच की. ओव्हर." त्या दिवसापासून मीही रस्त्याकडे डोळे लावून बसलो.

आणि खरंच कारखान्याचे दोन साहेब जीपमधून आले. आबांनी गावाला आधीच बजावलं होतं, "आपण मुलीकडचे. तसं वागा." गाव तसंच वागलं. एका घरी पोहे, दुसऱ्या घरी शिरा. भावकीतलं एकही घर वगळता येईना. वगळलं, तर पुढचं लग्न होईपर्यंत अबोला.

"जागा बघू या का?" साहेबांनी विचारलं.

"बघायची की. आदी च्या तर घ्या," आबांचे चुलतभाऊ तात्या म्हणाले. "पावणं, मूळ गाव कंचं?"

"नागपूर."

"सोयरीक जरा लांबची हाय," तात्या गंभीरपणे म्हणाले, "पर बघू."

खुद्द तात्यांचं घर आलं तेव्हा साहेबांनी हात जोडले, आता पोटात जागा नाही म्हणाले. तात्यांनी जीपला आडवी बैलगाडी लावली आणि चाकाला टेकून बसले. "माझ्याच घरात काय खोट हाय, तेवडं सांगा." साहेब निमूट खाली उतरले. आत पुरणपोळी होती, वर तुपाची धार. जेवण झाल्यावर साहेबांचा डोळा लागला. उठले तेव्हा ऊन उतरलेलं, आणि गोदाम उसाच्या पलीकडेच राहिलेलं.

जीपमध्ये बसता बसता मोठे साहेब म्हणाले, "जागा राहिलीच. पुन्हा येऊन बघू."

गाव खचलं. मुलगी बघायला आलेले ‘पुन्हा येतो’ म्हणाले, की त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. "माझ्या गाडीनं घात केला," म्हणत तात्या कपाळ धरून बसले. आबा मात्र टोपी उडवायच्या बेतात. "आरं, मुलगी बघितलीच कुठं त्यांनी? न बघता नकार कसा देत्याल? त्यांना परत यावंच लागतंय. मल्ल्या, सकाळी सायकल काढ. ओव्हर."

सकाळी त्यांना डबलसीट घेऊन लोणंदच्या पोस्टात गेलो. वाटेत आबा मागे बसून कवायतीचं गाणं म्हणत होते. त्यांनी जमशेदपूरला ट्रंक कॉल लावला. त्यांचा एकुलता एक वसंता तिथे यंत्रांचे नकाशे काढायचा. हे साऱ्या गावाला माहीत. आबा मात्र त्याचं नाव सहसा घेत नसत. बाकावर बसून बसून दुपार झाली, तेव्हा फोन लागला.

"वसंता, आपल्याकडं ऑफिस येतंय. तुजंच काम. साहेब पोटभर जेवून गेलं. ओव्हर."

पलीकडे काहीतरी खरखरलं.

"उजेड उत्तरेचाच घेतलाय, तू मागं सांगितलावतास तसा. खिडकीपाशी एक टेबल ठेवलंय. ते दुसऱ्या कुणाला देणार न्हाई. ओव्हर."

मग आबा थांबले. थांबूनच राहिले. शेवटी काउंटरमागचा कारकून म्हणाला, "आवं सुभेदार, वेळ संपली. लाइन कवाच तुटली."

आबांनी त्याला हातानंच गप्प केलं. रिसीव्हर कानाला तसाच घट्ट धरलेला.

"थांब जरा," ते मला हळूच म्हणाले. "त्यानं अजून ओव्हर म्हटलं न्हाई."