जासई युनायटेडची सरासरी

नंदकिशोर म्हात्र्यांनी शनिवारी सकाळी सोफा झटकताना मधे आला म्हणून गेमचा रिमोट उचलला, आणि रविवारी दुपारपर्यंत त्यांची अख्खी सासुरवाडी लंगडायला लागली.

म्हात्रे तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. चोवीस वर्षांत त्यांनी एकही डबा तपासल्याशिवाय गेटबाहेर सोडला नव्हता. घरीही तोच खाक्या. इडल्यांच्या आकाराचा विषय निघाला की त्यांची बायको सुचिता उठून गॅलरीत जायची. (इडल्या सारख्याच असायच्या. मोजण्यात चूक यांचीच व्हायची.)

मुलीसाठी, म्हणजे ईश्वरीसाठी, आणलेला फुटबॉलचा व्हिडिओ गेम मुलीने आठवड्यात टाकला आणि आईने उचलला. त्यात सुचिताने स्वतःची टीम काढली होती, जासई युनायटेड. गाव माहेरचं आणि खेळाडूही माहेरचेच. गोलकीपर तिचे वडील वामनआप्पा, गोल मारायला भाऊ विपुल आणि बचावाला चार काका. चार वर्षं मॅनेजर म्हणून राबून (गेममधली चार, कामोठ्याच्या घरातले सात महिने) तिने टीम सगळ्यात वरच्या डिव्हिजनला नेली होती.

विपुलच्या बाळाचं रविवारी बारसं होतं. सुचिता मदतीला आदल्या दिवशीच जासईला गेली. जाताना एवढंच म्हणाली की गेमला हात लावू नका.

म्हात्र्यांनी उचललेल्या रिमोटचं कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि टीव्हीवर एक मॅच खेळून संपली. नऊ-सहा. म्हात्र्यांना ऑफसाइड म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण एका मॅचला पंधरा गोल हा माल रिजेक्ट करण्याच्या लायकीचा आहे हे त्यांना कळलं. मोबाइलवर शोधलं, तर खऱ्या फुटबॉलची सरासरी मॅचला जेमतेम पावणेतीन. शिवाय जासईच्या एकाही खेळाडूला चार वर्षांत साधी लचक भरलेली नव्हती. सासरे बहात्तर वर्षांचे, आणि आडवी उडी मारून बॉल अडवत होते. असलं रेकॉर्ड कुठलाही ऑडिटर मान्य करणार नाही, असं ते ईश्वरीला म्हणाले. तिने मोबाइलमधून मान वर न करता ‘हं’ केलं. ही घरच्यांची संमती झाली.

सेटिंगमध्ये शिरल्यावर त्यांना शून्य ते शंभर आकड्यांच्या आडव्या पट्ट्या सापडल्या. नेम, पास, फाउल, थकवा, दुखापत. म्हात्र्यांचे डोळे भरून आले. त्यांनी नेम एकतीसवर आणला, थकवा वाढवला, दुखापत शून्यावरून सत्तरवर नेली. एका मॅचवरून काही सिद्ध होत नाही, म्हणून अख्खा सीझन एकदम चालवायचं बटण दाबलं. अडतीस मॅच, चार मिनिटं. सरासरी तीन पूर्णांक चार. पट्ट्या सरकवून दुसरा सीझन चालवला, दोन पूर्णांक एक. तिसऱ्या सीझनला बरोबर दोन पूर्णांक सात आली. एवढा आनंद झाला की त्यांनी स्वतः उठून चहा केला.

कप घेऊन येतात तर पडद्यावर पत्र. ‘क्लब आपल्या आजवरच्या सेवेबद्दल आभारी आहे. आपणास मॅनेजरपदावरून मुक्त करण्यात येत आहे.’ तीन सीझनमध्ये टीम तीन डिव्हिजन खाली घसरली होती.

“ईश्वरी, हे मागे कसं घ्यायचं?”

“नाही घेता येत, पप्पा. ते आपोआप सेव्ह होतं.”

“मग आता?”

“मम्मी यायच्या आत दुसरं घर बघा.”

गेममधलं कळणारा दुसरा माणूस म्हणजे विपुल. म्हात्र्यांनी त्याला मेसेज लिहिला: ‘आप्पांचा गुडघा गेला, आठ महिने उभे राहणार नाहीत. तुझे दोन्ही पाय कामातून गेले. चारही काका कायमचे बाहेर. चूक माझी. सुचिताला कळू देऊ नकोस.’ मग तिचा फोन आला तर खोटं बोलावं लागेल, म्हणून त्यांनी आपला आणि ईश्वरीचा, दोन्ही मोबाइल बंद करून टाकले. मेसेज विपुलला गेलाच नव्हता. तो ‘जासई परिवार’ या ग्रुपवर गेला होता. मेंबर शहाऐंशी.

रविवारी म्हात्रे आणि ईश्वरी जासईला पोचले, तेव्हा पाळण्याजवळ कोणी नव्हतं. सगळा गोतावळा आप्पांच्या खुर्चीभोवती. शनिवारपर्यंत आप्पा ठणठणीत होते. पण त्रेचाळीस जणांनी फोन करून विचारल्यावर गुडघा खरोखरच दुखायला लागला होता. विपुल बाळाला घ्यायलाही उठत नव्हता. ‘कायमचे बाहेर’ वाचून एका काकांनी दारू सोडली होती.

“जावाय,” आप्पा हात जोडून म्हणाले, “तुमाला आदी कसा कलला? मना सोतालाच ठाव नव्हता.”

सुचिताने नवऱ्याला मांडवामागे नेलं आणि खरं काय ते विचारलं. म्हात्र्यांनी सगळं सांगितलं. सांगता सांगता त्यांच्यातला क्वालिटी कंट्रोल पुन्हा जागा झाला.

“पण सरासरी दोन पूर्णांक सात आली,” ते म्हणाले.

“त्यातले आपले गोल किती?”

“तीन सीझनचे मिळून... अकरा.”

त्याच रात्री तिघं कामोठ्याला परतले. दुसऱ्या दिवशी सुचिताने सगळ्यात तळाच्या डिव्हिजनमधला एक मोडका क्लब घेतला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. म्हात्र्यांना टीव्हीसमोर बसायची परवानगी महिन्याभराने मिळाली, तीही हाताची घडी घालून.

त्या दिवशी पडद्यावर खेळाडूंची यादी होती. वरून तिसरं नाव त्यांनी दोनदा वाचलं. नंदकिशोर म्हात्रे. एवढं सगळं होऊनही बायकोने आपल्याला टीममध्ये घेतलं होतं.

“अगं, माझं नाव,” ते कसेबसे म्हणाले.

“ती क्लबमधून काढायच्या खेळाडूंची यादी आहे,” सुचिता म्हणाली. “तीन आठवडे झाले लावून. फुकट न्या म्हणून लिहिलंय, तरी एक क्लब हात लावत नाही.”