सूर्यभानजींच्या बीपीची वाटणी

अमरावतीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सूर्यभानजींना समजेल अशा भाषेत सांगितलं होतं. मोतीबिंदू पिकलाय, काढावाच लागेल. पण बीपी इतका वर असताना मी डोळ्याला हात लावणार नाही. मीठ कमी करा, रोज सकाळी चाला, गोळी चुकवू नका, टेन्शन घेऊ नका. आणि शेवटी, पुढच्या पेशंटला आत बोलावता बोलावता म्हणाले, "घरच्यांनी साथ दिली की येतो खाली."

सूर्यभानजींनी यातलं शेवटचं वाक्य तेवढं मनावर घेतलं. (ज्या वाक्यात 'करा' येतं ते वाक्य त्यांच्या घरात नेहमी दुसऱ्या कुणासाठी तरी असतं.) चांदूर बाजारला परतणाऱ्या एसटीत खिडकीला डोकं टेकून त्यांनी एक साधासा निर्णय घेतला. वावरातली कामं जशी घरात वाटून होतात, तशी ही पण वाटून टाकायची. निंदण बायकोकडे, ओलित पोराकडे, आणि देखरेख आपल्याकडे. आजवर असंच चाललं होतं. बीपी काय वावरापेक्षा मोठा होता?

डोळा मात्र लवकर होणं गरजेचं होतं. भाजीबाजारातली त्यांची जागा म्हणजे सूर्यभानजींचं सिंहासन. बापानं तिथंच बसून भाजी विकली, त्यांनीही तिथंच बसून केस पांढरे केले. पण अलीकडे त्या सिंहासनावरून गिलकी मागणाऱ्याला दोडके जाऊ लागले होते. एका बाईला त्यांनी कोथिंबीर म्हणून गाजराचा पाला दिला आणि वर "वास घ्या, वास" असं सांगितलं. जीवन, म्हणजे त्यांचा पोरगा, त्या दिवशी स्पष्टच बोलला होता.

"बाबा, दिवाईपर्यंत डोया नाई झाला तं तुमी घरी बसा. दुकानात मी बसतो."

"माह्या बापाच्या जागेवर?"

"तुमच्या बापाले दिसत होतं."

हे वाक्य सूर्यभानजींच्या छातीत काट्यासारखं रुतून बसलं होतं. म्हणून घरी पोचताच, पाणीसुद्धा न पिता, त्यांनी वाटणी जाहीर केली.

"मैना, तू मीठ सोड."

मैनाबाईंनी मान डोलावली. त्यांना यात नवल वाटलं नाही. नवऱ्याला ताप आला की त्या सोमवार धरत, नवरा तालुक्याला गेला की येईपर्यंत जेवत नसत.

"नीलम, तू जवान हायेस. चालाचं तुह्याकडे. रोज पाण्याच्या टाकीपर्यंत."

सून नीलम म्हणाली, "हो मामंजी." (सकाळच्या भाकरी थापण्यातून सुटका होते आहे हे तिला सगळ्यांच्या आधी कळलं होतं.)

"अन् जीवन, टेन्शन तू घे."

"ते तं मी घेऊनच राह्यलो," जीवन म्हणाला. "पण बाबा, बीपी तुमचा हाय. मीठ माय काहून सोडते?"

सूर्यभानजींनी पोराकडे दयेनं पाहिलं. "बायको उपास धरते तं नवऱ्याचं आयुष्य वाढते का नाई?"

"म्हणतात तसं."

"मंग बीपी काहून नाई उतरणार? आयुष्यापेक्षा भारी हाय का तो?"

तीस वर्षं अख्खं घर ज्या हिशेबावर चाललं, त्या हिशेबात जीवन एकाएकी चूक कशी काढणार? वडीलधाऱ्यांचं हे असंच असतं. त्यांचं तर्कशास्त्र इतकं जुनं असतं की त्याला हात लावला तर घरच अंगावर पडेल, या भीतीनं कुणी लावत नाही. राहिली गोळी. ती तेवढी सूर्यभानजींनी स्वतःकडे ठेवली आणि चक्कर आली तरच घ्यायची असं ठरवलं. रोज घेतली तर सवय लागते म्हणे.

मग सूर्यभानजींनी बीपी उतरवायला सुरुवात केली.

दुपारी ते भाकरीवर ठेच्याचा गोळा घेऊन बसत, तोंडी लावायला मिठात घोळलेली तळलेली मिरची. समोर मैनाबाई अळणी वरण-भात कालवत. सूर्यभानजींची बारीक नजर (जितकी काही उरली होती तितकी) त्यांच्या ताटावर. एकदा मैनाबाईंनी लोणच्याच्या बरणीला बोट लावलेलं त्यांना अंधुक दिसलं.

"मैना!" ते ओरडले. "माह्या जिवावर उठली का?"

"आवो, निस्तं बोट लागलं."

"बोट लागलं म्हणे! तिकडे माह्या नसा फुटून राह्यल्या अन् तू लोणचं चाटून राह्यली?"

मैनाबाईंनी बोट पदराला पुसलं आणि त्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून वरणही सोडलं.

नीलमची झाडाझडती सकाळी. ती कानात गाणी लावून, घाम पुसत, गालावर लाली घेऊन परत येई, तर हे खाटेवर पडल्या पडल्या विचारत, "पुरी टाकीपर्यंत गेलती का?"

"हो मामंजी."

"मंग माहे पाय काहून जड हायेत? अर्ध्यातून आली असशीन."

जीवन तेवढा आपलं काम चोख करत होता. टेन्शन घेऊन घेऊन तो बाजाराच्या कोपऱ्यावर आलुबोंडे खाऊ लागला होता.

महिन्यानं सगळी पलटण अमरावतीला गेली. सूर्यभानजींनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, टोपी नवी. पास होणाऱ्या पोरासारखे ते खुर्चीत बसले. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली, पुन्हा भरली, आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"आजोबा, मागच्यापेक्षाही वर आहे."

सूर्यभानजी गर्रकन मैनाबाईंकडे वळले. "खरं सांग! कोठी खाल्लं मीठ?"

"देवाशपथ नाई खाल्लं!"

"नीलम?"

"मी टाकीच्या पुढं जाऊन राह्यली मामंजी, मारुतीपर्यंत."

डॉक्टर एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत होते. "एक मिनिट. मीठ कोणी सोडलं?"

मैनाबाईंनी शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला. चालायला कोण जातं? नीलमनं हात वर केला. गोळी? त्यावर कुणीच हात वर केला नाही. जीवन खिडकीबाहेरचं ऑटो स्टँड पाहू लागला.

डॉक्टरांनी पट्टा मैनाबाईंच्या दंडाला बांधला. मग नीलमच्या. मग खुर्चीत मागे रेलले.

"काकूंचा बीपी कॉलेजच्या पोरीसारखा आहे. ऑपरेशन यांचंच करून टाकू का? दोन डोळे आणखी चांगले दिसतील."

सूर्यभानजींनी क्षणभर खरोखर विचार केला. "अन् मले त्यानं दिसन का?"

मग मात्र डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं की हा आकडा असाच राहिला तर डोळ्याचा प्रश्नच उरणार नाही. एक दिवस अर्धं अंग जाईल, तोंड वाकडं होईल, आणि दुकानात बसणं सोडा, खाटेवरून उठवायलाही माणूस लागेल. "घरच्यांनी साथ द्यावी म्हणालो होतो. तुमच्या बदली जगावं असं नव्हतो म्हणालो."

परतीच्या एसटीत सूर्यभानजी खिडकीबाहेर बघत होते. बाहेर संत्र्याचे बगीचे होते, पण त्यांना सगळा हिरवा धुरळाच दिसत होता. पहिल्यांदाच त्यांना भीती वाटली. (इतका वेळ त्यांची भीतीही मैनाबाईच वाहत होत्या.)

दुसऱ्या दिवशी जेवायला बसले तर भाकर होती, अळणी वांग्याची भाजी होती, लिंबाची फोड होती आणि ठेचा नव्हता.

"ठेचा?"

"नाई केला," मैनाबाई म्हणाल्या. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, पण 'नाई' हा शब्द त्यांनी असा ताठ मानेनं पहिल्यांदाच वापरला. "आता मी तुमच्यासाठी अळणी नाई खात. तुमच्यासंग खातो. तुमी खासान तं मी खाईन. तुमी उठसान तं मी बी उठतो."

सूर्यभानजी उठले. मैनाबाईही उठल्या. दोघं उपाशी, ओसरीत समोरासमोर. संध्याकाळपर्यंत सूर्यभानजींनी तग धरला, मग चुपचाप येऊन पाटावर बसले. पहिला घास घेऊन म्हणाले, "हे ढोरं बी नाई खात."

"ढोरायले बीपी नसते," जीवन म्हणाला. (त्याच्याही ताटात तेच होतं. आलुबोंडे बंद झाले होते, त्यामुळे त्याची जीभ ठेच्यापेक्षा तिखट झाली होती.)

गोळी मैनाबाई स्वतः हातावर ठेवत, पाणी देत, आणि मग "जीभ वर करा" म्हणत. एकदा गोळी गालात सापडल्यावर त्यांनी नवऱ्याचं तोंड घासलेल्या भांड्यासारखं तपासायला घेतलं. सकाळी दोघं टाकीपर्यंत चालायला निघत. सूर्यभानजी दर विजेच्या खांबाला टेकून थांबत. मैनाबाईही थांबत, पण पुढच्या खांबाशी. नवऱ्याच्या पुढे चालायची मजा त्यांना या वयात कळत होती. नीलम जवस भाजून बिनमिठाची चटणी कुटू लागली, आणि महिन्याभरात सूर्यभानजी ती मागून घेऊ लागले. फक्त आवडते असं म्हणत नसत.

बीपी उतरला. डॉक्टरांनी दोनदा पाहिला, मग डोळा केला.

बाजारात पहिल्या दिवशी सूर्यभानजी सिंहासनावर असे बसले की बाजूच्या दुकानांची पालं लहान दिसू लागली. "निस्ता मनाचा निर्धार," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. मैनाबाई मागे पालक निवडत बसल्या होत्या. त्यांनी फक्त एक पिवळं पान जरा जोरात फेकलं.

तेवढ्यात गंगूबाई आल्या. या बाईंची खानावळ. आणि "सूर्यभानजींशिवाय मी कोणाची भाजी घेत नाई," हे त्यांचं ठरलेलं बोलणं. टमाटे तोलले, पैसे दिले, आणि सूर्यभानजींच्या नव्या डोळ्यासमोर गंगूबाईंनी ढिगातले दोन लालबुंद टमाटे सहज पिशवीत टाकले. वर कोथिंबिरीची जुडी पदराखाली.

"ओ बाई! हे काय?"

"काय म्हणजे? रोजच घेतो."

"रोज?"

"तुमाले आजच दिसलं का?"

गंगूबाईंनी पिशवी ढिगावर उलटी केली आणि त्या फणकाऱ्यानं पलीकडच्या पालाकडे निघाल्या. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या नत्थुजींनी खिशातली दोन लिंबं काढून परत टोपलीत ठेवली आणि तेही हळूच सटकले. उन्हं वर येईपर्यंत दुकानासमोर माशीसुद्धा बसेना. सूर्यभानजींची कानशिलं लाल झाली, मानेची शीर उडू लागली.

"बाबा," जीवन खालच्या आवाजात म्हणाला, "दोन टमाटे जात होते, पण गिऱ्हाईक राहत होतं. तुमाले दिसत नव्हतं म्हणूनच तं लोक येत होते."

मैनाबाईंनी नवऱ्याची नाडी धरून पाहिली. मग पिशवीतून दवाखान्यानं दिलेला काळा चष्मा काढला आणि त्यांच्या नाकावर नीट बसवला.

"नका पाहू. बीपी चढते."

"या जी या!" जीवननं आरोळी ठोकली. "बाबाले अजून काई दिसत नाई!"

गंगूबाई परत आल्या. सूर्यभानजी बापाच्या जागेवर ताठ बसून समोर बघत राहिले. डॉक्टरांनी सांगितलं होतं की नजर आता विशीतल्या पोरासारखी झाली आहे, आणि ती खरंच झाली होती. काळ्या काचांमागून पिशवीत पडणारा एकेक टमाटा त्यांना देठासकट दिसत होता.