मावशींची टोपली आणि सहावं रीळ

“रीळ ओळखण्यात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय!” असं चष्मेवाले छातीठोकपणे सांगत. आणि ते खरंही होतं. कारण त्यांच्या सगळ्या गोतावळ्यात रीळ ओळखायची गरज दुसऱ्या कुणाला कधी पडलीच नव्हती!

रीळ म्हणजे मोबाईलवर बघतात ते नव्हे हो! मासे धरायच्या काठीला दोरा गुंडाळायचं चक्र असतं ना, ते. तेही जुनं, पितळेचं, ज्याचा कारखाना बंद पडून जमाना झालाय असं. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की हे गृहस्थ डोळ्याला भिंग लावून रिळाच्या स्क्रूची खाच बघत बसत. खाच बारीक असेल तर स्क्रू मूळचा, रुंद असेल तर नंतर कुणीतरी हात मारलाय! आणि मूठ फिरवल्यावर येणारा कर्रर्र आवाज ऐकून तर ते डोळे मिटून कारखान्याचं नाव सांगत. स्वतः मात्र त्यांनी जन्मात एक मासा धरला नव्हता. त्यांना पाण्याची भीती वाटे.

घरात काचेचं कपाट होतं. त्यात मखमलीवर एकाच कारखान्याची, लहानापासून मोठ्यापर्यंत पाच रिळं. संच मात्र सहाचा. सहाव्याची जागा रिकामी, आणि ती रिकामी जागासुद्धा चष्मेवाले रोज फडक्यानं पुसत!

“अहो, नसलेल्या रिळावर कसली धूळ बसते?” बायको विचारी.

“तुला नाही कळायचं,” ते म्हणत.

आता या सुखात मिठाचा खडा एकच होता, तो म्हणजे त्यांचे साडू. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्यांची बेकरी होती, डोक्यावर भरघोस केस होते, आणि सासूबाई कौतुक करायच्या ते त्यांचंच. एवढं कमी होतं म्हणून की काय, चष्मेवाल्यांनी एखाद्या वस्तूला नुसतं चांगलं म्हणायचा अवकाश, ती साडूंच्या घरात हजर! चष्मेवाल्यांनी एका घराची गॅलरी वाखाणली, साडूंनी ते घर घेतलं. आरामखुर्चीवर हात फिरवला, साडू तिच्यात बसून पेपर वाचायला लागले. चष्मेवाल्यांचा नुसता तिळपापड व्हायचा. रिळांचं कपाट तेवढं साडूंच्या नजरेतून सुटलं होतं, कारण त्यांना तो भंगाराचा माल वाटायचा. ते तसंच राहावं म्हणून चष्मेवाले देव पाण्यात घालून बसले होते.

आणि अशात दोघी बहिणींच्या मावशींनी घर बदलायचं ठरवलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघे बोलायला लागलेले. तळमजल्यावर जागा मिळाली. सामान बांधायला दोन्ही जावयांना सहकुटुंब बोलावणं आलं.

“नको असलेलं सगळं वाटून टाकणार आहे,” मावशी म्हणाल्या. “काय आवडेल ते सांगा हं, जावईबापू! संकोच करायचा नाही.”

चष्मेवाले चहाचा कप तोंडाला लावणार, एवढ्यात गॅलरीतून आवाज आला. कर्रर्र!

कप बशीवर आपटला. हा आवाज! पाचांचा सख्खा भाऊ! ते गॅलरीत धावले. मावशी कठड्यावरून टोपली खाली सोडत होत्या. खाली भाजीवाला उभा. आणि टोपलीचा दोर सुटत होता तो कठड्याला तारेनं बांधलेल्या रिळावरून! मावशींचे यजमान तळ्यावर मासे धरायला जात. ते गेल्यावर त्यांचं रीळ इथे कांदे-बटाटे ओढत होतं. बारीक खाचेचे स्क्रू, काळपट पितळ, सगळं मूळचं. सहावं!

“मावशी...” चष्मेवाले रडवेले होऊन म्हणाले. “मला ना...”

मागे वळून बघतात तर साडू! हातात बिस्कीट, नजर घारीची.

“काय साडूभाऊ, काय आवडलं?”

चष्मेवाल्यांनी चटकन रिळाकडे पाठ केली. रिळाचं नाव काढलं की मेलो! त्यांनी सुचेल ते ठोकून दिलं, “ही... ही टोपली! काय सुंदर टोपली आहे!”

बेत तसा झकास होता. टोपली मागायची म्हणजे दोर येणार, दोराबरोबर रीळ येणार, कुणाला पत्ता नाही! पण टोपली होती कुजकी, बुडाशी सुतळीनं शिवलेली. साडूंचे डोळे बारीक झाले. हा माणूस या टोपलीसाठी रडवेला होतो म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय!

“मलाही आवडली,” साडू म्हणाले.

“मी आधी म्हटलं!”

“म्हणून काय झालं? आमच्या बेकरीत पाव ठेवायला अगदी अशीच हवी होती.”

“पाव? हिच्यात? अहो, माझ्या आजीची अश्शी टोपली होती! तिच्यात बसवून ती मला भरवायची!” चष्मेवाल्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. आजी त्यांच्या जन्माआधीच गेली होती, पण वेळ आल्यावर बिचारी मदतीला धावून आली!

“अगबाई!” मावशींच्याच डोळ्यांत पाणी आलं. “थोरल्या जावईबापूंनाच देणार मी टोपली!”

चष्मेवाल्यांनी विजयी मुद्रेनं साडूंकडे बघितलं. मावशींनी टोपली वर ओढून घेतली, विळी आणली आणि खचकन दोर कापला. टोपली थोरल्यांच्या हातात.

“आणि धाकट्यांनी काय रिकाम्या हातानं जायचं? मला दोघे सारखे. हे वरचं चक्र तुम्ही न्या.”

“मावशी! मला ते चक्रही चाललं असतं!” चष्मेवाले किंचाळले.

“हावरटासारखं करू नका!” बायकोनं चिमटा काढला. “तुमच्या आजीचं काय चक्र होतं का?”

घरी आल्यावर चष्मेवाले कपाटापुढे बसले. रिकाम्या जागेकडे बघितलं. तिकडे साडूंच्या घरी ते रीळ घासणीनं लख्ख होत असेल, नाहीतर बेकरीत पिशव्यांवर वजन म्हणून बसत असेल! मत्सरानं त्यांच्या अंगाची लाही लाही झाली. समोर ती टोपली, कांद्याचा वास मारत. त्यांनी उठून तिला सणसणीत लाथ घातली!

पाय आरपार गेला आणि अडकला. चष्मेवाले एका पायावर नाचले, खुर्चीवर आदळले, दाराला धडकले. टोपलीच्या काटक्या घरभर झाल्या. एवढ्यात बेल वाजली.

दारात साडू. हातात रीळ!

“साडूभाऊ, स्पष्टच बोलतो,” साडू म्हणाले. “ती टोपली तुम्हाला मिळाल्यापासून मला घास गोड लागेना. हे चक्र घ्या, टोपली द्या. आत्ताच्या आत्ता!”

चष्मेवाल्यांना वाटलं, आपण स्वर्गात आहोत. त्यांनी हात पुढे केले. साडूंची नजर मात्र त्यांच्या पायाकडे गेली. घोट्यात टोपलीची कड. मग जमिनीवरच्या काटक्यांकडे.

“फोडलीत!” साडू ओरडले. “म्हणजे आत काहीतरी होतं! तरीच म्हटलं आजी कुठून उगवली! पक्के आहात हां! अहो, मग टोपलीत होतं ते या चक्रातही असणार!” आणि रीळ छातीशी धरून ते जिन्यावरून धूम पळाले. चष्मेवाले कड पायात घेऊन खुरडत मागे धावले, पण साडूंची गाडी निघूनही गेली होती.

दुसऱ्या दिवशी साडू दुकानात आले आणि त्यांनी काउंटरवर एक पिशवी उपडी केली. वाकडी स्प्रिंग, चेपलेल्या दोन तबकड्या, तुटकी मूठ. काम हातोडीचं होतं!

“काही नाही निघालं हो,” साडू रडवेले झाले. “खरं सांगा, तुमच्या टोपलीत काय निघालं?”

चष्मेवाल्यांना भडभडून आलं. कपाटातली ती जागा आता जन्मभर रिकामी! पण साडूंच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि त्यावर जे दिसलं ते त्यांनी आजवर फक्त स्वतःच्या आरशात पाहिलं होतं. साडू त्यांच्यावर जळत होते! त्या क्षणी त्यांना सगळं भरून पावलं.

“निघालं ना,” ते गालातल्या गालात हसून म्हणाले. “चांगलं घबाड निघालं. पण कुठे ठेवलंय ते नाही सांगणार!”

साडू पांढरेफटक पडून निघून गेले. संध्याकाळी चष्मेवाले शीळ घालत घरी आले. जळू दे लेकाचा! रीळ गेलं तर गेलं!

दार उघडंच होतं. कपाटही उघडं होतं. बायको जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसली होती. हातात सुरी, आणि पुढ्यात पितळी चक्रं, स्प्रिंगा आणि बारीक खाचेच्या स्क्रूंचा हा ढीग!

“या!” ती म्हणाली. “धाकटीचा फोन आला होता. घबाड सापडतं आणि ते बायकोपासून लपवता? चार उघडून झाली, एकातही नाही. हे शेवटचं तेवढं फार घट्ट आहे. धरा बघू, जरा जोर लावा!”