उतारावरचं बी

थोरल्याच्या घरामागचा उतार इतका उभा होता, की बकरीसुद्धा तिथे विचार करून पाय टाकेल. त्यावर त्याला हिरवळ हवी होती, आणि तीही लवकर. बायको अंथरुणाला खिळली होती आणि जन्मात पहिल्यांदाच तिने हट्ट धरला होता, "खिडकीतून हिरवं दिसलं पाहिजे. उतारावर गवत लावा."

थोरल्याने आयुष्यभर कचेरीत फायली लावल्या होत्या; गवत लावायची ही पहिलीच खेप. त्याने मुठी भरभरून बी फेकलं आणि वरून पाइपने असं धो धो पाणी सोडलं, की बी, माती आणि त्याची एक चप्पल, तिन्ही खाली गेली. पुन्हा टाकलं, पुन्हा तेच. उतार टकला तो टकलाच. आणि एका सकाळी बायको म्हणते, "किती छान उगवलंय हो!" ताप डोक्यात गेला, असं वाटून त्याने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

त्याने ईर्ष्येने आणखी बी टाकलं, ते धरून ठेवायला गोणपाटं अंथरली, ओली केली, आणि नीट बसली का ते पाहायला स्वतःच वर उभा राहिला. व्हायचं तेच झालं. गोणपाटासकट तो घसरला तो कुंपण मोडून थेट धाकट्या भावाच्या परसात! हे कुंपण हातभर इकडे की तिकडे, यावरूनच दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं.

डोळे उघडले तर नाकाखाली दाट, पोपटी गवत.

"हे माझं गवत आहे!" थोरला ओरडला.

"तुझी चप्पलही आहे," धाकटा म्हणाला. "थांब, दोन्ही देतो." आणि त्याने खुरपं उचललं.

थोरल्याने वर पाहिलं. बायकोची खिडकी इथून अगदी समोर दिसत होती. म्हणजे पलंगावरून उतार दिसतच नव्हता. दिसत होतं ते हे.

"उपटू नकोस रे."

"का? आत्ता तर तुझं होतं."

"तिला पडल्या पडल्या एवढंच दिसतं."

धाकटा थबकला. "वहिनी आजारी आहेत, एवढंच कानावर होतं. डॉक्टर काय म्हणतात?"

"आधी पुढची तारीख द्यायचे. आता देत नाहीत."

धाकट्याने खुरपं खाली ठेवलं. दोघं गवतात बसून रडले. थोरल्याची पँट मागून फाटलीये, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मग रोज दोघं गुडघ्यांवर बसून गवत कापू लागले. एका संध्याकाळी ती म्हणाली, "डावा कोपरा राहिलाय. भाऊजींना सांगा."

थोरला चपापला. "तुला ठाऊक होतं?"

"अहो, उतारावर टाकलेलं बी जातं कुठे?" हसताना तिला धाप लागली. "गवतासाठी तरी खाली जाल, म्हटलं. मी गेल्यावर तुम्हाला जेवलात का म्हणून कोण विचारणार?"

ती गेली. उतार अजून टकलाच आहे. थोरला मात्र अधूनमधून त्यावर मूठभर बी टाकतो, पाणी सोडतो आणि खाली जाऊन विचारतो, "आलं का रे?"

"आलं," धाकटा म्हणतो. "तू जेवलास का?"