मामांना उतरवायला आठ माणसं

गाडी निवडावी तर माझ्यासारख्यानं! बारा वर्षं मी जर्मनीतल्या ब्योब्लिंगेनमध्ये गाड्यांच्या सस्पेन्शनवर काम करतोय. त्यामुळे गेल्या वर्षी दोन सेकंडहँड स्पोर्ट्स कार समोर आल्या, एक जपानी आणि एक युरोपियन, तेव्हा माझा निर्णय पाच मिनिटांत झाला. युरोपियन!

माझ्या बायकोचा, प्राचीचा, कौल जपानीला होता. "मागे दोन छोट्या सीट आहेत, बंद पडायची भीती नाही, आणि मुख्य म्हणजे हिच्यातून उठता येतं."

"स्पोर्ट्स कारमधून उठायचं नसतं," मी म्हणालो. "तिच्यात बसायचं असतं!"

तर घेतली. पिवळीधमक, दोन सीटची, उघड्या टपाची. जमिनीला इतकी चिकटून, की सिग्नलला थांबलो तर शेजारचा आखूड पायांचा डाकेल कुत्रा माझ्या डोळ्याला डोळा भिडवून बघायचा.

एप्रिलमध्ये माझे सासरे आले. सुखदेवमामा. मूर्तिजापूरजवळच्या जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेले मुख्याध्यापक. आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसलेले. गेर्लिंगेनच्या एका हॉलमध्ये आम्हा मंडळींची भीमजयंती होती आणि प्रमुख वक्ते मामा! भाषणाची तयारी तीन महिने चालली होती. हातानं लिहिलेली एकवीस पानं!

प्राची खिरीचं पातेलं घेऊन मैत्रिणीच्या गाडीतून पुढे निघाली. जाताना बजावून गेली, "अहो, बाबांना ट्रेननं आणा." एरवी मी यशपाल असतो. बाबा समोर असले की 'अहो' होतो.

ट्रेननं? जावयाच्या दारात अशी गाडी असताना?

मामा गाडीभोवती एक चक्कर मारून आले. "जावईबापू, हिच्यात बसायचं, की ही अंगात घालायची?"

शेवटी त्यांनी दाराला पाठ करून स्वतःला सोडून दिलं आणि पोतं पडावं तसे सीटवर पडले. प्रवास मात्र झकास झाला! मामांचा मफलर झेंड्यासारखा फडफडत होता. हॉलच्या अंगणात आम्ही दहा मिनिटं आधी पोचलो. मी धावत जाऊन दार उघडलं.

"उतरा मामा."

"हो." मामा हसले. हलले नाहीत.

"उतरा ना!"

"मी मघापासून उतरतोच आहे, जावईबापू."

मी हात धरून ओढलं. मामा असे ओरडले की झाडावरचे कावळे उडाले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "उजवा गुडघा अडकतो. दोन वर्षं झाली. प्राचीला बोललो नाही. बोललो असतो तर तिनं मला येऊच दिलं नसतं."

मला एकदम कसंतरी झालं. मी सस्पेन्शनचा माणूस, आणि सासऱ्यांचे गुडघे कसे आहेत हे कधी विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात हॉलचे केअरटेकर, हेर (म्हणजे श्रीयुत) केलर, किल्ल्यांचा जुडगा वाजवत आले. जर्मनमध्ये 'श्वीगरफाटर' म्हणजे सासरे आणि 'फेस्ट' म्हणजे अडकलेला. मी मामांकडे बोट दाखवून ओरडलो, "श्वीगरफाटर! फेस्ट!"

पण 'फेस्ट' म्हणजे समारंभसुद्धा! "हो, हो, फेस्ट!" हेर केलर खूश. मामांचा हात हातात घेऊन दोनदा हलवला आणि आत निघून गेले.

मी मागे धावलो. घाबरलं की माझं जर्मन पहिल्या इयत्तेत जातं. 'ऑटो' म्हणजे गाडी, 'क्नी' म्हणजे गुडघा, 'कापुट' म्हणजे मोडलेलं, आणि 'बाहेर येत नाही', एवढे शब्द मी हातवारे करून त्यांच्यावर फेकले. हेर केलरांचा चेहरा पांढरा पडला. "मोमेंट!" म्हणत त्यांनी फोन काढला.

एव्हाना हॉल रिकामा होऊन चाळीस माणसं गाडीभोवती जमली होती. प्राचीनं माझ्याकडे असं पाहिलं की जपानी गाडी मला आपोआप आठवली.

"अग, त्यांना रागावू नकोस," मामा म्हणाले. "खुर्च्या बाहेर आणा. मी इथूनच बोलतो."

आणि बोलले! उघड्या टपाच्या गाडीत, मांडीवर एकवीस पानं घेऊन. "माझ्या आजोबांना शाळेत आत बसू देत नसत. ते बाहेर बसून आतलं ऐकायचे. आज जावयानं मलाही बाहेरच बसवलंय. पण बघा, मला ऐकायला तुम्ही सगळे बाहेर आलात!"

लोक आधी हसले, मग डोळे पुसायला लागले. प्राचीसुद्धा. आणि एवढ्यात सायरन!

अग्निशमनची भलीमोठी लाल गाडी अंगणात शिरली. आठ जण उड्या मारून उतरले. दोघांच्या हातात पत्रा कापायचं यंत्र! मी बॉनेटवर आडवा पडलो. "नाइन! नाइन!" म्हणजे नको, नको!

त्यांच्या प्रमुख बाईंनी विचारलं, "अपघात कुठे झालाय?"

चाळीस जणांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मी सगळं सांगितलं. मामा मला म्हणाले, "त्यांना विचारा, शेवटची चार पानं उरलीत, थांबतील का?" मी विचारलं. बाईंनी घड्याळ बघितलं, मामांकडे बघितलं, आणि हेल्मेट काढून हातात घेतलं. बाकीच्या सातांनीही काढलं. एक अक्षर कळत नसताना ते आठही जण चार पानं संपेपर्यंत ताठ उभे राहिले!

मग एकानं मामांना काखेतून धरलं, एकानं दोन्ही गुडघे एकत्र हळूच दाराकडे वळवले. आइन्स, त्स्वाय, द्राय! मामा उभे! कळ नाही, ओरडणं नाही. टाळ्या थांबेचनात.

मी आभाराचं 'डांके' इतक्या वेळा म्हणालो की बाई हसल्या. "त्यासाठीच तर आम्ही आहोत." हे सगळे स्वयंसेवक होते. बाईंची स्वतःची बेकरी होती, ती तशीच टाकून त्या धावत आल्या होत्या. प्राचीनं आठही जणांना खिरीच्या वाट्या भरभरून दिल्या. एकानं तीनदा मागितली.

मी मामांजवळ जाऊन म्हणालो, "मामा, चुकलंच माझं. ही गाडी विकतो. जपानी घेऊ."

"छे! मुळीच विकू नका." मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असं भाषण मला परत जमायचं नाही. तुमचे उपकार आहेत." माझी छाती फुगली. युरोपियन गाडी ती युरोपियन गाडी!

मामा प्राचीबरोबर ट्रेननं परत गेले. संध्याकाळी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर त्यांचा फोटो आला. डोक्यावर हेल्मेट, मागे लाल बंब, बाजूला आठ जण. खाली लिहिलं होतं, "जर्मनीत जावईबापूंची गाडी. ड्रायव्हरसह माणसं आठ."

मूर्तिजापूरहून अभिनंदनाचे एकशे बारा मेसेज आले. माझी पिवळी गाडीही फोटोत आहे, नाही असं नाही. डाव्या कोपऱ्यात तिचा आरसा दिसतो. त्यावर कुणीतरी खिरीची रिकामी वाटी ठेवलीय.