मी आत्याचं मडकं घासतो

ज्या माणसाने जन्मभर नुसती बिअर प्यायली आहे, त्याने ती करायला जाऊ नये. हे मला कुणी आधी सांगितलं नाही. (सांगितलं. बायकोने तीनदा सांगितलं. पण बायकोचं ऐकायचं ठरवलं तर माणसाच्या हातून आयुष्यात काहीच घडणार नाही.)

मी मफेतेंग गावच्या वजन-मापे कचेरीत निरीक्षक आहे. दुकानदाराचा काटा खरा की खोटा, दुधवाल्याचं माप पुरं की अपुरं, हे ठरवण्याचा पगार मला मिळतो. अशा माणसाला अंदाजपंचे कारभार पाहवत नाही. आणि मामोकेते आत्याचा सगळा कारभारच अंदाजपंचे. ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. गेली चाळीस वर्षं आमच्या घरच्या प्रत्येक कार्यात ज्वारीची बिअर तिच्याच हातची. पाणी किती गरम झालं ते ती कोपर बुडवून बघते. ज्वारी किती घ्यायची? ‘पुरेल इतकी.’ शिजवायची किती वेळ? ‘होईपर्यंत.’ असली उत्तरं एखाद्या दुकानदाराने दिली असती तर मी त्याच्या दुकानाला टाळं ठोकलं असतं. आत्याला टाळं ठोकता येत नाही.

ऑगस्टात, म्हणजे आमच्याकडच्या ऐन थंडीत, वडिलांच्या थडग्यावर दगड बसवायचा होता. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. दगडावरचं कापड दूर करायचं, घरी परतायचं, आणि बिअरचा एक घोट जमिनीवर ओतायचा. तो वडिलांचा. त्यांना तो पोचला की ते पितरांत नीट बसले असं आम्ही मानतो. बैल ठरला होता, दगड कोरून तयार होता. आणि भर बैठकीत मी जाहीर केलं, “या वेळची बिअर मी करणार. शास्त्रशुद्ध.”

मोलेफी मामा, म्हणजे माझ्या आईचे भाऊ, माझ्याकडे वळले. “त्सेलिसो, तुला चहा करता येतो का रे?”

“चहाचा इथे काय संबंध?”

“येत नाही म्हणतोय,” मामांनी बाकीच्यांना समजावलं.

आत्या भडकेल असं वाटलं होतं. तिने शांतपणे तपकिरीची चिमूट ओढली. “करू दे. बापासाठी करतोय. माझं मडकं घेऊन जा रे. फक्त त्याला जप.”

म्हातारी माणसं जुन्या भांड्यांत उगाच जीव अडकवून बसतात, असं मनात म्हणून मी मडकं उचललं.

शनिवारी सीमा ओलांडून ब्लूमफाँटेनला गेलो. घरी बिअर करण्याचं सामान विकणारं एक दुकान तिथे आहे. दुकानदाराचं पोट पाहून धंद्यातला जाणकार वाटला.

“कोणती बिअर करणार?” त्याने विचारलं.

“ज्वारीची.”

“ती मी कधी केलेली नाही.”

शहाणा माणूस तिथूनच परत फिरला असता. पण त्याच्या मागच्या फळीवर स्टीलचं पातेलं होतं, लांब दांड्याचा थर्मामीटर होता, बिअर कितपत झाली ते दाखवणारा काचेचा तरंगकाटा होता. ज्यावर आकडे आहेत अशी वस्तू पाहिली की माझा हात आपोआप खिशाकडे जातो.

“पिंप तीस लिटरचं देऊ की साठ?”

“साठ.”

“तोटीचं की बिनतोटीचं?”

“तोटीचं!” (बिनतोटीचं भांडं आत्याकडे होतंच. त्यासाठी परदेशात कशाला यायचं?)

“झाकणाला ही नळी लागेल. हवा बाहेर जाते, आत काही येत नाही. बुडबुडे दिसले की समजायचं, काम चालू आहे. आणि यीस्ट कुठलं देऊ?”

“ते कशाला?”

“मग बिअर फुगते कशाने?”

“आमच्याकडे आपोआप फुगते,” मी छाती काढून सांगितलं.

खोटं नव्हतो बोलत. लहानपणापासून पाहत आलो होतो. आत्या मडक्यात शिजवलेली ज्वारी ओतते, वर घोंगडी टाकते, आणि सकाळी मडकं गुरगुरायला लागतं. त्यात ती आणखी काही घालते असं मला दारातून कधी दिसलं नव्हतं. (आमच्याकडे पुरुष स्वयंपाकघरात शिरत नाहीत. दारात उभं राहून आतून काय येतंय याची वाट बघतात.)

“बरं, हे तरी घ्याच,” म्हणून त्याने निळ्या औषधाची बाटली पुढे केली. “बिअरला लागेल ती प्रत्येक वस्तू आधी यात धुवायची. घाण राहिली की बिअर मेली.”

हे वाक्य माझ्या काळजाला भिडलं. घराण्यात चाळीस वर्षांत कुणी इतकं स्पष्ट बोललं नव्हतं.

सोमवारी आठवड्याची रजा टाकून कामाला लागलो. पातेलं धुतलं, पिंप धुतलं, नळी धुतली. मग आत्याचं मडकं उघडलं आणि हबकलो. आत बोटभर जाडीचा करडा थर! आंबूस वास! चाळीस वर्षांत या बाईने मडकं एकदाही घासलेलं नव्हतं, आणि आम्ही त्यातलं पिऊन ‘वा वा’ करत होतो.

माझी बायको मालिनेओ दारात आली. “न्ताते,” तिने नवऱ्याला मारायची आदराची हाक मारली, “ते घासत नाहीत हो.”

“का?”

“का ते माहीत नाही. आत्याबाई घासत नाहीत.”

“म्हणूनच आपण मागे आहोत,” मी म्हणालो, आणि सुरी घेऊन थर खरवडायला बसलो. मग तारेची घासणी, मग निळं औषध, मग उकळतं पाणी, मग पुन्हा औषध. दुपारपर्यंत मडकं बाजारातून आणल्यासारखं लखलखायला लागलं. मला वाटलं, आत्या बघेल आणि आनंदाने रडेल. (यातला अर्धा भाग खरा ठरला.)

मग मोड काढून वाळवलेल्या ज्वारीचा भरडा थर्मामीटर बुडवून बुडवून शिजवला. अर्ध्या अंशाचाही फरक पडू दिला नाही. आत्याचा मान म्हणून मिश्रण तासभर तिच्या मडक्यात ठेवलं, मग पिंपात भरलं, झाकण आवळलं, नळी बसवली. बाहेर बर्फाचा वारा सुटला होता, म्हणून माझी लग्नातली घोंगडी पिंपाला गुंडाळली आणि स्वतः कोट घालून शेजारी बसलो.

मंगळवारी एक बुडबुडा नाही. तरंगकाटा आत सोडला. तो तरंगेना, बुडेना, चिखलात रोवलेल्या खुंटासारखा उभा राहिला. दर तासाला मी आकडा वहीत लिहिला. सगळ्या पानांवर एकच आकडा आला. एवढा सातत्यपूर्ण निकाल मी कचेरीतही पाहिला नव्हता.

“नळीला कान लावून काय ऐकताय?” मालिनेओने विचारलं.

“काही नाही.”

“हो, तेच मलाही ऐकू येतंय,” ती म्हणाली.

बुधवारी सकाळी बिअर गाळायची पांढरी पिशवी धुतली. सामानाबरोबरच्या पुस्तकात लिहिलं होतं, कापड उंचावर, उन्हात वाळवावं. उंच म्हणजे मंडपासाठी फाटकाजवळ रोवलेला बांबू. मी पिशवी त्याच्या टोकाला बांधली आणि कौतुकाने बघत राहिलो.

आता, आमच्या मुलखात काठीच्या टोकाला पांढरं फडकं दिसलं की त्याचा अर्थ एकच: या घरी बिअर तयार आहे, या. हे शेळ्यांनासुद्धा माहीत असतं. मला तर माहीत होतंच, असल्या घरांची मापं मीच तपासतो. पण डोक्यात शास्त्र शिरलं की आधीचं सामान बाहेर पडतं.

पाव तासात फाटकात तीन म्हातारे आपापले मग घेऊन उभे. त्यांच्यामागे एक गवंडी. त्यांच्यामागे घोड्यावरून उतरलेला एक गुराखी. आणि सर्वांत शेवटी कमरेवर हात ठेवून मापालेसा. हिचं पांढरं फडकं आमच्या गल्लीच्या टोकाला वीस वर्षं फडकतंय. नवीन प्रतिस्पर्धी कोण, ते पाहायला आली होती. मागच्याच वर्षी तिचा बिअर मोजायचा जॅमचा डबा मी ‘अप्रमाणित माप’ म्हणून जप्त केला होता.

“बिअर अजून झालेली नाही,” मी म्हणालो.

“मग झेंडा कशाला लावलास?” एक म्हातारा म्हणाला.

“तो झेंडा नाही, पिशवी आहे.”

“मग पिशवी झेंड्याच्या जागी कशाला?”

झेंड्याखाली आलेला माणूस कोरडा परत पाठवणं हा आमच्यात शिवी देण्याचाच प्रकार. म्हटलं, चार लोकांचं मत तरी कळेल. तोटी सोडली.

“आधी तू,” म्हातारा म्हणाला. करणाऱ्याने पहिला घोट घ्यायचा, विष नाही हे दाखवायला, ही रीत. मी प्यायलो. गोड होतं. घट्ट होतं. आणि मागून एक वास येत होता, नुकत्याच पुसलेल्या फरशीचा. मी हसून दाखवलं. मग ते प्यायले.

“ही तर तान्ह्या पोराची पेज,” गवंडी म्हणाला.

“तान्हं पोरही थुंकेल,” म्हातारा म्हणाला. “आणि हा वास कसला?”

“दवाखान्याचा,” गुराखी म्हणाला आणि घोड्याकडे गेला.

मापालेसाने हातातला मग शांतपणे जमिनीवर उपडा केला. “इन्स्पेक्टरसाहेब, माप मात्र अगदी बरोबर हं. मापाला नाव ठेवायला जागा नाही.”

ही बातमी आत्याकडे माझ्या आधी पोचली. ती घोंगडी लपेटून तरातरा आली. पिंपाकडे तिने पाहिलंही नाही. मडक्यात डोकं घातलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. वर आली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं.

“विरजण कुठंय?”

“कसलं विरजण?”

“माझ्या आईचं. मडक्याच्या अंगाला होतं.”

बोटभर जाडीचा तो करडा थर! आजीपासून जिवंत ठेवलेलं विरजण मी सुरीने खरवडून, औषध पाजून मारलं होतं.

“मला वाटलं, मडक्याला जप म्हटलं की समजेल,” आत्या म्हणाली. “एवढी वर्षं पितोयस. एकदा तरी विचारलंस, ही येते कुठून? आता शनिवारी माझा भाऊ दगडाखाली कोरड्या घशाने पडून राहणार. का? तर त्याच्या पोराला भांडी घासायची हौस आली!”

मला फार लाज वाटली. वडिलांनी उभ्या आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि एक घोट द्यायची वेळ आली तेव्हा मी त्यांच्यासाठी फरशी पुसायचं पाणी तयार केलं होतं.

वाट काढली मालिनेओने. “आत्याबाई, मापालेसा लग्न होऊन आली तेव्हा तुम्हीच तिला विरजण दिलं होतंत ना?”

आत्याने नाक पुसलं. “दिलं होतं. पण मी मागायला जाणार नाही. ज्याने घालवलं त्याने मागावं.”

विरजण मागायला बायका जातात. मी भर दुपारी हातात मग घेऊन अख्ख्या गल्लीतून गेलो. गल्लीतलं एकही माणूस त्या वेळी घरात नव्हतं.

“विरजण हवंय,” मी मापालेसाला म्हणालो.

“किती?”

“थोडं.”

“थोडं म्हणजे? आकडा सांगा, साहेब. अंदाजाने दिलं तर गुन्हा होतो, तुम्हीच म्हणाला होतात.”

मी तोंड उघडलं, आणि माझ्याच जिभेवरून आत्याचा शब्द बाहेर पडला. “पुरेल इतकं.”

ती भिंतीला टेकून हसली. मग आत गेली आणि नव्या जॅमच्या डब्याने मग काठोकाठ भरून आणला. “घ्या. तुमच्या आत्याचंच आहे, माझ्याकडे नुसतं राहायला होतं. आणि साहेब, घरी जाऊन हा मग घासू नका.”

माझी पेज आत्याने डुकरांना घातली. त्यांनी आवडीने खाल्ली. (शास्त्राची कदर करणारे गावात तेवढेच निघाले.) मग तिने कोपर बुडवलं, पुरेल इतकी ज्वारी घेतली, होईपर्यंत शिजवली. शुक्रवारी सकाळी मडकं गुरगुरत होतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून ते ऐकलं. आत जाण्याची परवानगी नव्हती.

शनिवारी दगडावरचं कापड निघालं. थडग्याकडून परतलं की घरात शिरण्याआधी फाटकावर सगळ्यांनी हात धुवायचे असतात. दर वेळी तिथे एक टब असतो. पहिल्या माणसाला पाणी मिळतं आणि शंभराव्याला गाळ. या वेळी फाटकावर स्टुलावर माझं पिंप उभं होतं. आत्याने ते पाण्याने भरून त्यात रीतीप्रमाणे कोरफडीचे तुकडे टाकले होते.

मोलेफी मामांनी तोटी सोडली, बंद केली, पुन्हा सोडली. “शंभर माणसं आणि प्रत्येकाला स्वच्छ पाणी! हे कुणाचं डोकं?”

“माझं,” मी म्हणालो. (कुणाचं तरी असणारच ना?)

मग आत्याने पहिला घोट स्वतः घेतला, दुसरा जमिनीवर ओतला. माती तो गटागट प्यायली. वडील नेहमी असेच प्यायचे. माझा जीव भांड्यात पडला. नंतर मीही प्यायलो, आणि खोटं कशाला बोलू, इतकी उत्तम बिअर माझ्या सामानातून कधीही झाली नसती.

तेव्हापासून गावात कुणी गेलं की निरोप आधी माझ्याकडे येतो. पिंपाची तोटी जरा अडते, ती फक्त मलाच उघडता येते, म्हणून पिंपाबरोबर मलाही नेतात. कुणाच्या ना कुणाच्या फाटकावर उभा राहून मी लोकांच्या हातांवर पाणी सोडतो. मंडपात आत्याची बिअर चालू असते. परगावचे पाहुणे विचारतात, हे गृहस्थ कोण? आत्या मोठ्या अभिमानाने ओळख करून देते.

“हा माझा भाचा, वजन-मापे खात्यात मोठा साहेब आहे. प्यायचं ते माझ्या हातचं. हात धुवायचं पाणी याच्या हातचं.”